जुन्या लॅपटॉपची मेमरी वाढवण्यापूर्वी

जुना लॅपटॉप संथ झाला की त्याची मेमरी वाढवावी, हा सल्ला दुकानदारापासून नातलगांपर्यंत सगळेच इतक्या सहजपणे देतात की तो संथ नेमका कशामुळे झाला, हा त्याआधीचा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. सुमारे दहा वर्षांपूर्वी भारतात विकल्या गेलेल्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपांत ४ जीबी मेमरी आणि मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क ही जोडी सर्रास आढळत असे. आजच्या वापरात ही दोन्ही अंगे एकाच वेळी अपुरी पडतात, आणि त्यांपैकी दोष कोणाचा हे केवळ रेंगाळणाऱ्या पडद्याकडे पाहून ओळखता येत नाही.

मेमरी, म्हणजेच रॅम, ही चालू कामाची तात्पुरती जागा होय; उघडलेला दस्तऐवज, ब्राउझरमधील टॅब आणि स्वतः कार्यप्रणाली यांना लागणारी माहिती तेथे राहते व वीज बंद होताच नाहीशी होते. ही जागा भरली की कार्यप्रणाली काम थांबवत नाही, तर सध्या न लागणारा मजकूर हार्ड डिस्कवरील एका राखीव फाइलमध्ये, म्हणजे ‘पेज फाइल’मध्ये, नेऊन ठेवते आणि पुन्हा गरज पडली की तो परत आणते. अडचण या ये-जा करण्यात आहे. मेमरीतील माहिती मिळवण्यास साधारणपणे एका सेकंदाच्या कोटीव्या भागाइतका वेळ पुरतो. परंतु ५४०० फेऱ्यांच्या डिस्कची तबकडी एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे ११ मिलिसेकंद घेते, त्यात वाचणारे टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ मिळवला म्हणजे दोहोंतील अंतर लाखपटीच्या घरात जाते. फिरते भाग नसलेल्या एसएसडीवर हीच ये-जा मिलिसेकंदाच्या एका अंशात होते, आणि म्हणूनच डिस्क बदलल्यावर मेमरीची कमतरताही पूर्वीइतकी जाचत नाही. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळेच पैसे चुकीच्या ठिकाणी खर्च होतात.

निदानासाठी कोणतेही वेगळे साधन लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो, आणि त्याच्या ‘परफॉर्मन्स’ या भागात मेमरी व डिस्क यांचे आलेख वेगवेगळे दिसतात. मात्र ही पाहणी लॅपटॉप नुकताच सुरू केलेला असताना नव्हे, तर नेहमीचे काम ऐन भरात असताना करावयाची असते. त्या वेळी मेमरी साठ-पासष्ट टक्क्यांवर आणि डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर मेमरी दुप्पट केल्यानेही फारसा फरक पडणार नाही. मेमरी नव्वदच्या पुढे जाऊन त्याच वेळी डिस्कही अखंड राबत असेल, तर जागेची टंचाई खरी आहे. आणि प्रोसेसरच शंभरावर असेल, तर या दोन्हींपैकी कशाचाही उपयोग नाही. त्याच ठिकाणी मेमरीच्या पट्ट्यांसाठी एकूण स्लॉट किती व त्यांपैकी किती वापरात आहेत हेही नोंदलेले असते, मात्र उघडून पाहिल्याशिवाय त्या नोंदीवर पूर्ण विसंबू नये.

प्रस्तुत लेखकाच्या घरातील चौथ्या पिढीच्या इंटेल कोअर प्रोसेसरच्या लॅपटॉपबाबत जे घडले, ते या दृष्टीने बोलके आहे. त्यासाठी एका विक्रेत्याने दिलेली ४ जीबीची पट्टी स्लॉटमध्ये नीट बसली, तरी लॅपटॉप सुरूच होईना. कारण ती डीडीआर ३ प्रकारची, १.५ व्होल्टवर चालणारी होती, तर या पिढीचे लॅपटॉप प्रोसेसर १.३५ व्होल्टच्या डीडीआर ३ एल प्रकारासाठी घडवलेले आहेत. दोन्ही पट्ट्यांना २०४ पिना असतात व खाचही एकाच जागी असते, त्यामुळे हाताला फरक जाणवत नाही. तो केवळ लेबलावरील ‘पीसी ३’ आणि ‘पीसी ३ एल’ या लिखाणातल्या एका अक्षरात असतो. पट्टी बदलून मिळाल्यावर ब्राउझरमधील टॅब पुन्हा पुन्हा नव्याने उघडणे थांबले, हा लाभ निश्चित होता. परंतु लॅपटॉप सुरू होण्यास आणि एखादा प्रोग्रॅम प्रथम उघडण्यास लागणारा वेळ जवळपास तसाच राहिला, आणि तो पुढे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावरच कमी झाला. क्रम उलटा असता, तर मेमरीची पट्टी त्या वर्षी घ्यावी लागली नसती.

मेमरीची पिढी ओळखणे म्हणूनच खरेदीच्या आधीचे काम आहे. डीडीआर ४ च्या लॅपटॉप-पट्टीला २६० आणि डीडीआर ५ च्या पट्टीला २६२ पिना असतात, खाचांच्या जागा निराळ्या असतात आणि एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालत नाही. शिवाय प्रोसेसरची स्वतःची कमाल मर्यादा असते: ॲटम एन ४५० असलेली छोटी नेटबुके २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाहीत, तर पहिल्या पिढीच्या कोअर लॅपटॉपांची धाव ८ जीबीपर्यंतच असते. ३२ बिटांची विंडोज असेल तर ४ जीबीच्या वरची मेमरी सामान्यतः वापरलीच जात नाही. पातळ लॅपटॉपांत तर मेमरी मदरबोर्डवर डाग देऊन कायमची बसवलेली असते, आणि तेथे हा प्रश्नच संपतो.

किती घ्यावी याविषयी स्पष्ट मत देता येते. पत्रव्यवहार, ब्राउझर, व्हिडिओ आणि मुलांचा ऑनलाइन अभ्यास यांसाठी ४ वरून ८ जीबीवर जाणे सार्थ आहे. १६ जीबी मात्र व्हिडिओ संपादन करणाऱ्यांना किंवा एका संगणकात दुसरी कार्यप्रणाली चालवणाऱ्यांनाच लागते. दोन स्लॉट असल्यास समान क्षमतेच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, कारण मग प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकाच वेळी माहिती घेतो, आणि मेमरीतीलच वाटा वापरणाऱ्या अंगभूत ग्राफिक्सला त्याचा विशेष फायदा होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र जुनी पट्टी घेतली, तर बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी आणि त्या मुदतीतच ‘मेमटेस्ट ८६’सारख्या प्रोग्रॅमने तिची रात्रभर चाचणी घ्यावी, कारण सदोष मेमरी नेहमी बंदच पडते असे नाही, ती कधी कधी मुकाट्याने फाइली बिघडवते. २०२५ च्या उत्तरार्धात उत्पादकांनी डेटा सेंटरांच्या मागणीकडे मोर्चा वळवल्यामुळे मेमरीचे भाव चढले, म्हणून जुना हिशेब गृहीत धरून चालणार नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ साठी इंटेलच्या बाबतीत सामान्यतः आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आवश्यक धरली जाते. त्यामुळे त्याआधीच्या लॅपटॉपला कितीही मेमरी दिली तरी तो नव्या विंडोजसाठी अधिकृतपणे पात्र ठरत नाही. त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत कार्यप्रणाली मात्र ८ जीबी मेमरी व एसएसडी यांच्या बळावर उत्तम चालते. ज्यांचे बँकेचे व्यवहार अशा लॅपटॉपवरून होतात, त्यांनी मेमरीचा खर्च करण्याआधी कार्यप्रणालीचा निर्णय घ्यावा.