चेरी कोळंबीचा रंग गडद करायचा, तर पैसे कुठे घालावेत?

तामलवाडीसारख्या सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या गावात चेरी कोळंबी (चेरी श्रिंप) पाळायची, तर टाकीपासून पंपापर्यंतचे साहित्य सोलापुरातून आणता येते. कोळंबी फिकट दिसू लागली की पहिला मोह होतो ‘रंग वाढवणाऱ्या’ खाद्याचा. तो पैसा वाचवा. खाद्य रंगाला साथ देते. रंगाचा पाया पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीत असतो. म्हणून खर्च निवडीसाठी लागणाऱ्या दुसऱ्या टाकीवर आणि पाण्यावर करा.

सुरुवातीचा खर्च (अंदाजे, दुकानानुसार कमी-जास्त)

• दोन फुटी काचेची टाकी, सुमारे 50 लिटर : 1,500 ते 2,000 रुपये
• बाजूला काढलेल्या कोळंबीसाठी एक फुटी टाकी : 500 ते 700
• दोन तोंडांचा हवेचा पंप, दोन स्पंज फिल्टर : 700 ते 1,000
• एलईडी दिवा : 500 ते 800
• टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर : 300 ते 400
• पाण्याचा जडपणा तपासायचे किट : 800 ते 1,500
• उन्हाळ्यासाठी छोटा पंखा : 200 ते 300
• एकाच रंगाच्या 20 कोळंबी : 1,000 ते 1,600

एकूण 5,500 ते 8,300 रुपये. तळाला काळी खडी टाका, कारण पांढऱ्या तळावर कोळंबी स्वतःचा रंग फिका करते. आपल्याकडचा काळा दगड त्यासाठी चांगला. खडी स्वच्छ धुवा आणि तिच्यावर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर तीत चुना आहे, ती वापरू नका.

पाणी

बोअरचे पाणी बहुधा जड असते. चेरी कोळंबीला 150 ते 300 टीडीएस मानवतो. समजा बोअरचा टीडीएस 800 आणि आरओच्या जारचा 50 आहे. एक भाग बोअर आणि तीन भाग जार मिसळले की सुमारे 240 येतो. निव्वळ आरओ पाणी वापरू नका; कात टाकल्यावर नवे कवच घडायला कोळंबीला क्षार लागतात. मीटर सगळे क्षार मिळून मोजतो, त्यातला जडपणा किती ते किट सांगते.

आठवड्याला पाच लिटर पाणी बदलले, तर महिन्याला एक जार पुरतो. पंप पाच वॅटचा आणि दिवा दहा वॅटचा असेल, तर दिवा रोज आठ तास लावूनही महिन्याला सुमारे सहा युनिट वीज लागते.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण टाकीतले पाणी 28 अंशांच्या आत ठेवायला हवे. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला की कोरड्या हवेत बाष्पीभवन होऊन ते काही अंश उतरते. आटलेल्या पाण्याची भर मात्र जारच्या पाण्यानेच घाला, कारण क्षार मागे टाकीतच राहतात. महागडी क्रिस्टल रेड कोळंबी इथे टाळा. तिला मऊ, थंड पाणी लागते आणि त्यासाठी चिलरचा खर्च सोसावा लागतो.

निवड

उस्मानाबादी शेळीच्या कळपात पैदाशीचा बोकड पारखून ठेवतात, तीच नजर इथे लागते. मादी तीन ते चार आठवडे पोटाखाली अंडी वागवते आणि पिल्ले तीन-चार महिन्यांत वयात येतात. त्यामुळे वर्षात दोन ते तीन पिढ्या पाहता येतात. घाई करून पारख करू नका, पिल्ले लहानपणी पारदर्शकच असतात.

नर मूळचाच फिकट असतो. म्हणून नराची तुलना नराशी आणि मादीची मादीशी करा. रंग पायांपर्यंत पोचला आहे का, अंगातून आरपार दिसते का, हे बाजूने पाहा. पन्नासांतून बारा-पंधरा उत्तम ठेवा, त्यात नरही हवेत. बाकीच्या लहान टाकीत हलवा. लाल, निळ्या, पिवळ्या एकत्र ठेवल्या तर त्यांची पिल्ले मूळच्या मातकट रंगाकडे वळतात. नको असलेल्या कोळंबी विहिरीत किंवा तलावात कधीही सोडू नका.

खाद्य आणि धोके

कोळंबीचा लाल रंग कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो. ती तिला शेवाळ आणि पाल्यातून मिळतात. उकडलेला पालक, गाजर आणि चिमूटभर स्पिरुलिना पुरे. खाद्य उरले तर काढून टाका.

फवारलेल्या शेतातली भाजी टाकीत घालू नका. कीटकनाशकाचा अंशही कोळंबीला मारतो. डासांची कॉइल वा फवारा टाकीच्या खोलीत नको. तांबे असलेले माशांचे औषधही घातक ठरते.

खरेदीचा क्रम

आधी मीटर घ्या आणि बोअरचे पाणी तपासा. मग टाकी भरून फिल्टर महिनाभर चालू ठेवा. कोळंबी सगळ्यात शेवटी आणा. दुकानदाराला विचारा, ही पैदास इथली की बाहेरून आलेली? सहा महिन्यांहून अधिक काळ इथल्याच पाण्यात वाढलेली असेल, तर पाचदहा रुपये जास्त द्यायला हरकत नाही.