नव्याचा सण

कोकणातल्या अलिबाग, पेण, रोहे या भागांत पूर्वी गावोगावी तेलाचे घाणे चालत. बैल गोल फिरत राहत आणि घाण्याची करकर दिवसभर ऐकू येई. काही घाणे मात्र शुक्रवारी सूर्य मावळला की थांबत, ते शनिवारचा सूर्यास्त होईपर्यंत हलत नसत. त्या दिवशी तेलाला आलेला माणूस रिकामे भांडे घेऊन परत जाई. या घाणेवाल्यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणू लागले. हे लोक म्हणजे बेने इस्राएल, महाराष्ट्रातील मराठी बोलणारे यहुदी होत. रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर, दिव्याचे ते दिवेकर अशी त्यांची आडनावे. आपले पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे ते परंपरेने सांगत आले आहेत.

शनिवारप्रमाणेच सणाच्या दिवशीही काम करावयाचे नाही, हा त्यांचा धर्मनियम. त्यांचे वर्ष तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी सुरू होते. या दिवसाला हिब्रू भाषेत ‘रोश हशाना’ म्हणतात. कोकणात मात्र त्याला ‘नव्याचा सण’ असे साधे, घरगुती नाव मिळाले. त्यांचे महिने आपल्या पंचांगातील महिन्यांप्रमाणेच चंद्राच्या गतीवर चालतात, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतात. त्यामुळे हा सण कधी गणेशचतुर्थीच्या सुमारास येतो, तर कधी थेट घटस्थापनेच्या दिवशी. त्यानंतर दहाव्या दिवशी कडक उपवास असतो. त्या दिवशी घराची दारे लावून घेत, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’.

घाणा स्वतःचा होता, तोवर तो थांबविणे आपल्या हाती होते. पुढे इंग्रजी अमदानीत बेने इस्राएल मंडळी पलटणींत, टपालात, इस्पितळांत आणि रेल्वेत नोकरीस लागली. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि लोणावळे हे रेल्वेचे गाव बनले. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतेस जादा इंजिने जोडावी लागतात. ही गाडी कोणाच्याही सणासाठी थांबत नाही. तिला शुक्रवारही सारखा आणि शनिवारही सारखा. शाळेचेही तेच. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा काढली, तेथे मुलांना हिब्रूही शिकवीत. पण मावळातल्या मुलाने काय करावे?

लोणावळ्यातील अशा एका कुटुंबाचे चित्र आपण डोळ्यांपुढे आणू. वडील रेल्वेत, मुलगी सातवीत. २०२४ साल. नव्याचा सण ३ ऑक्टोबरला, गुरुवारी आला होता. सण दोन दिवसांचा, आणि तिसरा दिवस शनिवार! सिनॅगॉग लोणावळ्यात नाही, पुण्यास जावयाचे. रास्ता पेठेत १९२१ साली बांधलेले सुक्कथ शेलोमो हे सिनॅगॉग आहे. अंतर चौसष्ट किलोमीटरच. पण नियम पाळणारे लोक सणाच्या दिवशी वाहनात बसत नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी तेथे पोहोचून नातलगांकडे मुक्काम करावयाचा. आदला दिवस गांधीजयंतीचा, तेवढी सोय झाली. अडचण पुढच्या दोन दिवसांची होती, कारण गुरुवारीच गणिताची चाचणी होती.

मुलीने रजेची चिठ्ठी दिली. बाईंनी ती वाचून विचारले, “नव्याचा सण? अगं, घट बसतात त्या दिवशी दोन दिवसांची रजा कशाला?” वर्गात हशा पिकला. “पोटात दुखते म्हणून सांग, म्हणजे झाले,” असे मैत्रिणीने आदल्या दिवशी सुचविले होते. तेच सोपे होते. मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “बाई, आमचे नवे वर्ष आहे. आम्ही यहुदी आहोत.” बाईंनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. “मग चाचणी सोमवारी दे,” त्या म्हणाल्या, “पण ती सोपी नसेल हं!”

घरी त्याआधीच तयारी लागली होती. या सणाचा खास पदार्थ म्हणजे चिकाचा हलवा. कुरडयांसाठी करतात तसा गहू तीन दिवस भिजत घालावा, वाटावा, पिळावा आणि खाली बसलेला चीक घ्यावा. नारळाचे दूध व साखर घालून तो सतत ढवळत राहावे लागते. गायीचे दूध का नाही? मांस आणि दूध एका जेवणात घेऊ नये, असा यहुदी धर्माचा दंडक आहे. नारळामुळे तो आपोआप पाळला जातो. कोकणातल्या सुगरणींनी ही तोड उत्तम काढली, यात शंका नाही. शेजारच्या घरात घटाभोवती पेरण्यासाठी गहू निवडले जात होते. निघताना आईने हलव्याच्या वड्या तेथे नेऊन दिल्या.

पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेत शोफार वाजले. शोफार म्हणजे मेंढ्याचे शिंग. त्याचा आवाज गोड नसतो. तो खडबडीत असतो आणि छातीत जाऊन बसतो. आदल्या वर्षी, २०२३ साली, सणाचा पहिला दिवस शनिवारी आला होता. तेव्हा रजेचा प्रश्न फारसा नव्हता. पण शनिवारी शोफार वाजवीत नाहीत, म्हणून त्या दिवशी ते ऐकावयास मिळाले नव्हते. आजी वर्षभर ते बोलून दाखवीत होती. या खेपेस ती डोळे मिटून उभी राहिली. घरी मधात बुडविलेली सफरचंदाची फोड तिने प्रथम नातीच्या हातावर ठेवली.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएल देशात गेली. तेथे या दिवशी शाळाच बंद असतात. चिठ्ठी लिहावी लागत नाही. महाराष्ट्रात राहिलेल्यांची संख्या थोडी आहे. राज्य सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

सोमवारी मुलीने चाचणी दिली. बाई खरे बोलल्या होत्या. शेवटची दोन उदाहरणे तिला सुटली नाहीत. वडिलांना मात्र रजा मिळाली नव्हती. त्यांनी एका सोबत्याशी पाळ्या बदलून घेतल्या होत्या. म्हणून दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, घरोघरी पणत्या लागल्या असता ते डबा घेऊन स्टेशनाकडे निघाले. वाटेत त्या सोबत्याचे घर लागले. दारात त्याची आई फराळाची पुडी घेऊन उभी होती.