गंधकाचा प्रवास आणि पूरक खनिजे

नासलेल्या अंड्याचा उग्र वास सर्वांना परिचित आहे. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो. त्यातील गंधक येते अंड्यातील प्रथिनांतून. आपल्या शरीरातील प्रथिनांतही मेथिओनीन व सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले असतात.

सिस्टीनपासून शरीर ग्लुटाथायोन बनवते. ते पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते. उरलेल्या सिस्टीनपासून आधी सल्फाइट व मग सल्फेट तयार होते. ही शेवटची पायरी ज्या विकरामुळे घडते, त्याला मॉलिब्डेनम हे खनिज अत्यल्प प्रमाणात लागते. पॅरासिटामॉलसारख्या औषधांना यकृतात सल्फेट जोडले जाते आणि ती मूत्रावाटे बाहेर पडतात.

आता एक प्रश्न पाहू. स्वमग्नता (ऑटिझम) म्हणजे मेंदूच्या वाढीतील वेगळेपण. अशी मुले इतरांशी निराळ्या रीतीने संवाद साधतात. २००४ साली अमेरिकेत अशा २० मुलांच्या रक्तात मेथिओनीन व ग्लुटाथायोन, तुलनेसाठी घेतलेल्या ३३ मुलांपेक्षा कमी आढळले. इतर काही संशोधकांना सल्फेटही कमी आढळले. मग खनिजे दिल्यास उपयोग होईल काय?

२०११ साली ॲरिझोनातील संशोधकांनी १४१ स्वमग्न मुले व प्रौढ घेतले. काहींना तीन महिने जीवनसत्त्वे व खनिजे दिली, काहींना तसेच भासणारे पण ती नसलेले मिश्रण. कोणाला काय मिळाले, हे पालकांपासूनही गुप्त ठेवले. दुसरा गट कशासाठी? व्हर्निअर कॅलिपरने मापन करताना आपण आधी शून्यदोष पाहतो, तसाच हा. नुसत्या आशेनेही ‘सुधारणा’ दिसते. ती वजा करावी लागते.

निष्कर्ष काय निघाला? पूरक घेणाऱ्यांच्या रक्तातील सल्फेट व ग्लुटाथायोन सुधारले. वर्तनाच्या चार मापनांपैकी पालकांच्या मताच्या एका मापनात अधिक सुधारणा दिसली. उरलेल्या तीन मापनांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे रक्तातील आकडा सुधारणे आणि मूल सुधारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

शिवाय कारण कोणते व परिणाम कोणता? अनेक स्वमग्न मुले मोजकेच पदार्थ खातात. त्यामुळेही पोषणद्रव्ये कमी पडू शकतात. खनिजांचा अतिरेकही घातक ठरतो. जास्त जस्त घेतल्यास तांब्याचे शोषण घटते. म्हणून पूरके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत.

विचार करा : या प्रयोगात दुसरा गट नसता, तर पालकांनी कोणता निष्कर्ष काढला असता?