मुलगा, मुलगी आणि आपले रोजचे वागणे

मुलाने कसे वागावे व मुलीने कसे बोलावे, हा विषय कोणत्याही शाळेच्या वेळापत्रकात नाही. तरी पाच-सहा वर्षांच्या मुलाला तो चांगला येत असतो. हा धडा आपणच घरीदारी देत असतो.

कँडेस वेस्ट व डॉन झिमरमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९८७ साली असे मांडले की, स्त्रीपण वा पुरुषपण माणूस चारचौघांच्या देखत, त्यांच्या अपेक्षा ओळखून, पुनःपुन्हा वठवीत असतो. त्यात चुकल्यास त्याला जाब द्यावा लागतो. ‘मुलीसारखा रडतोस काय?’ हा तसलाच जाब होय.

याची सुरुवात पाळण्यापासून होते. स्मिथ व लॉइड यांच्या १९७८ सालच्या प्रयोगात सहा महिन्यांची बाळे कधी मुलाच्या, कधी मुलीच्या कपड्यांत व नावाने परक्या मातांच्या हाती दिली. बाळ ‘मुलगा’ वाटले की हातोडीसारखा खुळखुळा पुढे येई, ‘मुलगी’ वाटली की बाहुली!

आता आपली भाषा पाहू. गुजराती शेजारी ‘हुं जाउं छुं’ म्हणतो, तेव्हा बोलणारा पुरुष की स्त्री हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत मात्र ‘जातो’ किंवा ‘जाते’ यांतून निवड करावीच लागते. तरीही कोल्हापूरकडे पुष्कळ मुली सहज ‘मी येतो’ म्हणतात, आणि तिकडे कोणाला त्यात वावगे वाटत नाही. म्हणजे हा रिवाज आहे, निसर्गनियम नाही.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलींनाही त्यात घेतले. कायद्याने शाळेचे दार उघडले खरे. परंतु पाहुणा येताच अभ्यासातून कोणाला उठवायचे, हे आजही घरातच ठरते. पाण्यासाठी हाक बहुधा मुलीलाच जाते. मुलगा वाचीत राहतो. दोघेही त्यातून काही शिकतात, आणि मुलीचे पान मात्र अर्धेच राहते.

आपल्या संस्थेच्या कार्यक्रमांतही पंगतीत वाढणारे कोण आणि व्यासपीठावर बसणारे कोण, हे आपण सर्वांनी एकदा मोकळ्या मनाने पाहावे. जे रोजच्या वागण्याने घडते, ते रोजच्या वागण्यानेच बदलता येते. आरंभ सोपा आहे : पुढच्या वेळी पाण्यासाठी हाक मुलाला मारू, आणि मुलीला तिचे पान पुरे करू देऊ.