‘रिसीव्ह’ आणि ‘ॲक्सेप्ट’ : चलानवर सही करण्यापूर्वी

अकोल्याच्या ताजनापेठेतील दुकान असो की अमरावतीच्या इतवाऱ्यातील, ट्रान्सपोर्टचा माणूस माल उतरवतो आणि चलान पुढे करतो. चलानवर ‘रिसीव्ड’ असे छापलेले असते आणि आपले व्यापारी बांधव त्याखाली सही करून मोकळे होतात. आज याच क्रियापदाचा उपयोग समजून घेऊ.

‘रिसीव्ह’ म्हणजे मिळणे, हाती येणे. ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे पत्करणे, मान्य करणे. पोस्टमनने दिलेले पाकीट आपल्याला मिळते, पण म्हणून आतला मजकूर आपण मान्य केला असे होत नाही. मालविक्री कायदा, १९३० यातही हाच फरक आहे. कलम ४१ प्रमाणे, आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो पत्करला असे धरत नाहीत. मात्र माल ठेवून घेतला आणि वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, तर कलम ४२ प्रमाणे तो पत्करला असे धरले जाते.

म्हणून बंद गाठोडी घेताना सहीजवळ लिहावे : ‘रिसीव्ड टू बंडल्स. कन्टेन्ट्स नॉट चेक्ड.’ म्हणजे दोन नग मिळाले, आतला माल तपासलेला नाही. एखादा नग ओला असेल तर ‘वन बंडल वेट’ हेही लिहावे. माल खराब निघाल्यास लगेच पत्र टाकावे : ‘वुई डू नॉट ॲक्सेप्ट बंडल नंबर टू. द क्लॉथ इज डॅमेज्ड.’ पत्राची नक्कल जपून ठेवावी.

आता व्याकरण.

१) ‘हॅव’नंतर तिसरे रूप येते : ‘वुई हॅव रिसीव्ड युअर गुड्स.’ येथे ‘हॅव रिसीव्ह’ चूक.

२) ‘डिड नॉट’नंतर मूळ रूप येते : ‘वुई डिड नॉट रिसीव्ह द थर्ड बंडल.’ भूतकाळ ‘डिड’ने दाखवला, तो पुन्हा दाखवायचा नाही.

३) होऊन गेलेली तारीख दिली की ‘हॅव’ नको : ‘वुई रिसीव्ड युअर चेक ऑन फिफ्थ मार्च.’

४) स्पेलिंगमध्ये ‘सी’नंतर आधी ‘ई’, मग ‘आय’. पावतीला ‘रिसीट’ म्हणतात. त्यात ‘टी’च्या आधी ‘पी’ लिहितात, पण उच्चारत नाहीत.

कारागीर बांधवांनी पावती देतानाही लक्ष ठेवावे. रोख रक्कम मिळाली तर ‘रिसीव्ड विथ थँक्स’ पुरते. चेक मिळाला तर पुढे ‘सब्जेक्ट टू रिअलायझेशन’ जोडावे, म्हणजे चेक वटला तरच रक्कम पोचली असे समजायचे. ५,००० रुपयांवरील पावतीला १ रुपयाचे रेव्हेन्यू तिकीटही लागते.

वरील वाक्ये एका पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्याजवळ लावावीत. दुकानातील मुलालाही ती शिकवावीत, कारण पुष्कळदा सही तोच करतो.