मेसमधला लाइव्ह अल्बम

रॉक ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी लाइव्ह अल्बम ऐका. माझा फेव्हरिट 'लाइव्ह ॲट लीड्स'. 'द हू' या इंग्लिश बँडने १४ फेब्रुवारी १९७० रोजी तो लीड्स विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे चक्क मेसमध्ये रेकॉर्ड केला! गिटार, बेस, ड्रम्स आणि गायक, एवढ्यावर अख्खा हॉल दणाणतो. टेपवर थोडी खरखर आली होती. ती तशीच राहू द्या, असं रेकॉर्डच्या लेबलवरच लिहिलं. २००६ मध्ये तिथे स्मृतिफलकही लागला.

आपण शिकतो की नॉइज फिल्टर करायचा. पण भिंतींवरून परतणारा आवाज आणि टाळ्या काढल्या, तर ती रात्र उरेल का?

फर्स्ट इयरला माझ्या रूममेटने आपल्या मेसमध्ये गिटार वाजवली. नंतर वडील आजारी पडले आणि तो कॉलेज सोडून गेला. त्याचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये आहे. मागे ताटांचा खणखणाट, मावशींची हाक. एकाने ते सॉफ्टवेअरने क्लीन करून देतो म्हटलं. मी नको म्हणालो. तेव्हा यंदा गॅदरिंगला रेकॉर्डिंग कराच, ताटांच्या आवाजासकट!