तेरा प्लसचा आकडा आणि नऊ वर्षांचा मुलगा

प्रश्न: माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. ओटीटीवर मालिकेआधी वयाचा आकडा दिसतो. टीव्हीवर मात्र संध्याकाळी खून-मारामाऱ्या सर्रास चालतात. तिथे रेटिंग का नाही? आणि त्या आकड्यावर विसंबावं का?

उत्तर: दोन्हींचे नियम वेगळे आहेत. ओटीटीला २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए असे गट पाडावे लागतात. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांसाठी लॉकची सोय देणं सक्तीचं आहे. टीव्ही मालिकांना मात्र प्रसारणाआधी प्रमाणपत्र लागत नाही. १९९४च्या केबल नियमांत वेळेबाबत एवढंच म्हटलंय, की मुलं सर्वाधिक पाहतात त्या वेळी त्यांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत. ही पळवाट मला मनापासून खटकते, कारण आपल्याकडे जेवणाच्या वेळी अख्खं घर एकाच पडद्यासमोर असतं.

ओटीटीचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून त्याखालची ओळही वाचा. 'हिंसा', 'भीतिदायक दृश्यं' असं तिथे लिहिलेलं असतं. मुलाचं वेगळं प्रोफाइल करा आणि तुमच्या प्रोफाइलला पिन लावा. तो मुलाच्या जन्मतारखेचा नको, मुलं तोच आधी दाबून बघतात! सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्येही बहुधा चॅनेल लॉक असतं.

तरी एखादं दृश्य दिसलंच, तर ओरडून टीव्ही बंद करू नका. शेजारी बसा आणि विचारा, "त्या माणसाला किती लागलं असेल रे?" रात्री तो दचकून उठत असेल किंवा एकटा झोपायला घाबरत असेल, तर त्या मालिका काही दिवस पूर्ण बंद ठेवा, आजी-आजोबांच्यासुद्धा.